निफ्टी आणि इंडिया व्हीआयएक्स एकाच दिशेने चालू लागले तर कारण कसे शोधावे

बाजार पडला की अस्थिरतेचा निर्देशांक, म्हणजे इंडिया व्हीआयएक्स, चढतो आणि बाजार सावरला की तो उतरतो, हा अनुभव इतक्या वेळा येतो की बहुतेक गुंतवणूकदार त्याला नियमच समजतात. प्रत्यक्षात निफ्टी विक्रमी पातळीवर असताना व्हीआयएक्स दुप्पट झाल्याची उदाहरणे आहेत, निफ्टी पाच महिने घसरत असताना व्हीआयएक्स स्वस्थ राहिल्याचीही आहेत, आणि निफ्टी जागचा हलला नसताना व्हीआयएक्स एका दिवसात पाचव्या हिश्शाने कोसळल्याचेही उदाहरण आहे. अशा दिवशी काय तपासायचे, कोणत्या क्रमाने तपासायचे आणि त्यातून कोणता निष्कर्ष काढायचा नाही, हे या लेखात मांडले आहे.

इंदूरच्या मराठी घरांत या विषयाची चौकशी दोन बाजूंनी होते. रामबाग, लोकमान्यनगर किंवा सुदामानगरात राहणारे, नोकरीतून निवृत्त झालेले काका-मामा आहेत, ज्यांच्या भविष्यनिर्वाह निधीतली रक्कम आता म्युच्युअल फंडांत आहे; आणि त्यांच्याच घरातली तरुण मुले आहेत, जी मंगळवारी निफ्टीच्या साप्ताहिक एक्सपायरीला, म्हणजे मुदत संपण्याच्या दिवशी, ऑप्शनचे (ठरलेल्या भावाने घेण्याच्या किंवा विकण्याच्या हक्काचे) सौदे करतात. शिवाय फोनवरून ‘टिप्स’ विकणाऱ्या ज्या सल्लागार संस्थांवर बाजार नियामक सेबीने गेल्या काही वर्षांत आदेश काढले, त्यांत इंदूरचे पत्ते असलेल्या संस्था पुष्कळ होत्या. म्हणून ‘व्हीआयएक्स वाढला, आता बाजार कोसळणार’ हे वाक्य कोणी ऐकवले, तर त्याची शहानिशा स्वतः करता येणे आपल्या शहरात विशेष गरजेचे आहे. त्यासाठी लागणारे गणित वर्ग आणि वर्गमूळ यांच्या पुढे जात नाही.

आधी व्हीआयएक्स कशापासून बनतो ते पाहू

मूळ व्हीआयएक्स शिकागो बोर्ड ऑप्शन्स एक्स्चेंजने १९९३ मध्ये सुरू केला. रॉबर्ट व्हेली यांनी त्याची रचना केली होती आणि तेव्हा तो एस अँड पी १०० या निर्देशांकाच्या ऑप्शनवर आधारलेला होता. २००३ मध्ये पद्धत बदलून तो एस अँड पी ५०० वर आणला गेला. त्याच पद्धतीवर राष्ट्रीय शेअर बाजाराने २००८ मध्ये इंडिया व्हीआयएक्स सुरू केला. त्यासाठी निफ्टीच्या जवळच्या आणि त्यापुढच्या महिन्याच्या ऑप्शनचे खरेदी-विक्रीचे सर्वोत्तम भाव घेतले जातात. त्यातून पुढील ३० दिवसांत निफ्टी किती हलेल याचा बाजाराने लावलेला अंदाज काढून तो वार्षिक टक्केवारीत मांडला जातो.

या रचनेतून दोन गोष्टी निघतात आणि पुढचे सगळे विवेचन त्यांच्यावर उभे आहे. पहिली ही की व्हीआयएक्स ऑप्शनच्या भावांतून येतो, म्हणजे ऑप्शनला मागणी का आली याचे उत्तर मिळाल्याशिवाय तो का वाढला याचे उत्तर मिळत नाही. दुसरी ही की तो हालचालीचा आकार सांगतो, दिशा सांगत नाही. पाच टक्क्यांची तेजी आणि पाच टक्क्यांची मंदी या दोन्ही त्याच्या हिशेबात सारख्याच आहेत.

वार्षिक आकडा रोजच्या व्यवहारात उपयोगी नसतो, म्हणून तो आधी लहान करून घ्यावा. वर्षात साधारण २५२ व्यवहाराचे दिवस असतात आणि २५२ चे वर्गमूळ १६ च्या जवळ आहे, त्यामुळे व्हीआयएक्सला १६ ने भागले की एका दिवसाची अपेक्षित हालचाल मिळते. महिन्यासाठी १२ चे वर्गमूळ, म्हणजे ३.४६, हा भाजक घ्यावा. व्हीआयएक्स १२ असेल तर बाजार दिवसाला पाऊण टक्का आणि महिन्याला साडेतीन टक्के हालचाल गृहीत धरत आहे. २४ असेल तर दिवसाला दीड आणि महिन्याला सात टक्के. ही साधारण तीनांपैकी दोन वेळा लागू पडावी अशी मर्यादा आहे, कमाल मर्यादा नव्हे. २३ मार्च २०२० रोजी निफ्टी एका दिवसात जवळजवळ १३ टक्के पडला होता. कोणताही भाजक वापरून असा दिवस आधी दिसत नाही.

नोंदवही कशी आखावी

निफ्टी आणि इंडिया व्हीआयएक्स या दोघांचे जुने आकडे राष्ट्रीय शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. एक्सेलमध्ये किंवा कागदी वहीत रोजच्या बंद भावाचे दोन रकाने करावेत, त्यांच्या शेजारी दोघांच्या रोजच्या टक्केवारी बदलाचे दोन रकाने, आणि पाचवा रकाना प्रत्यक्ष अस्थिरतेचा, म्हणजे निफ्टी मागच्या २१ सत्रांत खरोखर किती हलला त्याचा. तो काढण्यासाठी २१ दिवसांच्या टक्केवारी बदलांचे वर्ग करावेत, त्यांची सरासरी घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि ते १६ ने गुणावे. सहावा रकाना शेऱ्याचा ठेवावा आणि त्यात त्या महिन्यातल्या ठरलेल्या घटना लिहाव्यात: अर्थसंकल्प, रिझर्व्ह बँकेचे पतधोरण, अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हची बैठक, निवडणुकीचे निकाल, मासिक एक्सपायरी. पुष्कळदा कोड्याचे उत्तर याच सहाव्या रकान्यात आधीपासून लिहिलेले असते, म्हणून तो आळसाने रिकामा ठेवू नये.

दोघांचा संबंध मोजताना एक पथ्य कटाक्षाने पाळावे. निफ्टीची पातळी आणि व्हीआयएक्सची पातळी यांचा सहसंबंध (दोघे किती बरोबरीने किंवा उलट हलतात याचे उणे १ ते अधिक १ मधले माप) काढू नये; दोघांच्या रोजच्या बदलांचा काढावा. निफ्टी वर्षानुवर्षे वर सरकत जातो, व्हीआयएक्स मात्र चढून पुन्हा आपल्या नेहमीच्या पट्ट्यात परततो. अशा दोन वेगळ्या स्वभावाच्या रेषा एकावर एक ठेवल्या तर कोणताही कालखंड निवडून हवा तो संबंध दाखवता येतो, आणि समाजमाध्यमांवर फिरणारे बरेचसे धक्कादायक आलेख याच प्रकारे तयार झालेले असतात. रोजच्या बदलांचा सहसंबंध एक्सेलमधल्या ‘कोरेल’ या फंक्शनने निघतो. मागच्या ६० सत्रांचा आकडा घेत राहावा. अमेरिकेत एस अँड पी ५०० आणि व्हीआयएक्स यांच्यात तो दीर्घकाळ साधारण उणे ०.७ ते उणे ०.८ राहत आला आहे. आपला आकडा शून्याकडे सरकू लागला की चौकशी सुरू करावी. निफ्टीचा बदल पाव-अर्धा टक्क्याच्या आतला असेल त्या दिवसांवर मात्र वेळ घालवू नये, कारण तेवढ्या हालचालीत व्हीआयएक्सची दिशा योगायोगानेही ठरते.

आधी नेहमीच्या संबंधाचीच एक तपासणी

अपवाद शोधण्यापूर्वी, नेहमीच्या उलट्या संबंधातला किती भाग खरा आणि किती यांत्रिक हे ओळखता आले पाहिजे. निफ्टीच्या ऑप्शन साखळीत, म्हणजे ऑप्शनच्या भावतक्त्यात, प्रत्येक स्ट्राइकसमोर (ऑप्शनमध्ये ठरलेल्या खरेदी-विक्रीच्या भावासमोर) त्याची अपेक्षित अस्थिरता, म्हणजे ऑप्शनच्या किमतीतून निघणारी अस्थिरता, दिलेली असते आणि ती सर्वत्र सारखी नसते: खालच्या स्ट्राइकची जास्त, वरच्या स्ट्राइकची कमी. कारण उघड आहे. आपल्या शेअरसाठ्याला विमा म्हणून खालचे पुट (विकण्याचा हक्क देणारे ऑप्शन) घेणाऱ्या संस्था मोठ्या आहेत आणि त्यांची मागणी सततची आहे.

समजा निफ्टी २५,००० वर आहे, २५,००० च्या स्ट्राइकची अपेक्षित अस्थिरता १२.५ आहे आणि २४,५०० च्या स्ट्राइकची १३.५. दुसऱ्या दिवशी निफ्टी दोन टक्के पडून २४,५०० वर आला. एकाही स्ट्राइकची अस्थिरता बदलली नाही तरी आता बाजाराच्या मध्यभागी १३.५ ची स्ट्राइक आलेली आहे, आणि व्हीआयएक्स त्यामुळे आपोआप वर दिसेल. कोणी घाबरले नाही, कोणी नवा विमा घेतला नाही, फक्त मोजण्याची जागा उतारावर खाली सरकली. म्हणून पडझडीच्या दिवशी आदल्या दिवशीच्या दोन-तीन स्ट्राइकची अस्थिरता लिहून ठेवून त्याच स्ट्राइकची आजची अस्थिरता तिच्याशी ताडून पाहावी. ती जवळपास तेवढीच असेल तर व्हीआयएक्सच्या वाढीला स्वतंत्र अर्थ नाही. ती वाढली असेल तर बाजाराचा अंदाज खरोखर बदलला आहे. माझ्या मते संपूर्ण नोंदवहीत एवढी एकच तपासणी नियमाने करणारा वाचकसुद्धा दूरचित्रवाणीवरच्या बहुतेक विवेचनाच्या पुढे असतो.

निफ्टी वर आणि व्हीआयएक्सही वर

या प्रकाराचे ठळक उदाहरण २०२४ च्या लोकसभा निवडणुकीचे आहे. एप्रिलच्या उत्तरार्धात इंडिया व्हीआयएक्स १० च्या आसपास होता. २३ मे रोजी निफ्टी २२,९६७ वर, म्हणजे तोवरच्या सर्वोच्च पातळीवर बंद झाला, आणि त्याच सुमारास व्हीआयएक्स २० च्या वर गेलेला होता. २०१४ च्या मे महिन्यातही असेच झाले होते: निफ्टीने निकालापूर्वीच ७,००० चा टप्पा ओलांडला आणि व्हीआयएक्स ३५ च्या वर होता.

यात विसंगती काहीच नाही. निकालाचा दिवस ठरलेला आहे, त्या दिवशी बाजार मोठी उडी घेणार हे सर्वांना ठाऊक आहे, दिशा मात्र कोणालाच ठाऊक नाही. अशा वेळी तेजीवाला कॉल (खरेदीचा हक्क देणारा ऑप्शन) घेतो, मंदीवाला पुट घेतो, नफ्यात बसलेला आपला साठा राखण्यासाठी पुट घेतो, आणि ऑप्शन विकणारा या सगळ्यांकडून जास्त प्रीमियम, म्हणजे ऑप्शनची किंमत, मागतो. निफ्टीचा भाव तेजीवाले ठरवतात आणि व्हीआयएक्स या सगळ्यांची मिळून झालेली मागणी ठरवते, त्यामुळे दोन्ही एकत्र चढू शकतात.

या उडीचा बाजाराने धरलेला आकार वहीवर काढता येतो. अस्थिरतेची बेरीज-वजाबाकी थेट होत नाही, तिच्या वर्गांची होते, हे लक्षात ठेवले की झाले. मे २०२४ च्या अखेरीस व्हीआयएक्स २४ च्या आसपास होता. २४ चा वर्ग ५७६, त्याला १२ ने भागले की महिन्याचा हिशेब ४८. घटना नसती तर व्हीआयएक्स १३ च्या आसपास असता असे त्याआधीच्या महिन्यांवरून धरू. १३ चा वर्ग १६९, त्याला १२ ने भागले की १४. फरक ३४, आणि त्याचे वर्गमूळ ५.८. म्हणजे निकालाच्या निमित्ताने सुमारे पावणेसहा टक्क्यांची उडी बाजाराने भावात धरली होती. प्रत्यक्षात मतदानोत्तर चाचण्यांनंतर ३ जूनला निफ्टी ३.२५ टक्के चढला आणि ४ जूनला ५.९३ टक्के पडला. या दोन्हींचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढले तर ६.८ येते, म्हणजे घडलेली हालचाल भावात धरलेल्या हालचालीपेक्षा थोडी मोठीच होती. आकार बाजाराला बऱ्यापैकी कळला होता. दिशा अजिबात कळली नव्हती, कारण ३ जूनच्या तेजीत खरेदी करणाऱ्याला दुसऱ्याच दिवशी तिच्या जवळजवळ दुप्पट घसरण पाहावी लागली.

घटना पार पडली की तिचा वाटा व्हीआयएक्समधून एकदम निघून जातो. ५ जूनला निफ्टी ३.३६ टक्के सावरला आणि व्हीआयएक्स एका दिवसात २६ च्या वरून १९ च्या खाली आला. ऑप्शनचे सौदे करणाऱ्या तरुण वाचकांनी हे नीट समजून घ्यावे: निकालाच्या आदल्या संध्याकाळी कॉल आणि पुट दोन्ही विकत घेऊन ‘बाजार कोठेही गेला तरी फायदा’ असे म्हणणाऱ्याला आधी त्या भावात धरलेल्या उडीपेक्षा मोठी उडी मिळावी लागते, तरच त्याच्या हाती काही उरते. वरचे गणित करून तो आकडा वहीत लिहिल्याशिवाय असा सौदा करणे म्हणजे किंमत न विचारता वस्तू घेणे आहे.

ठरलेली कोणतीही घटना समोर नसताना निफ्टी आणि व्हीआयएक्स बरोबरीने चढत असतील तर मामला वेगळा असतो. तेव्हा पुन्हा ठरावीक स्ट्राइकची तपासणी करावी. वरच्या स्ट्राइकच्या कॉलची अस्थिरता वाढत असेल तर तेजीचा पाठलाग चालू आहे. खालच्या पुटची वाढत असेल तर तेजीत राहूनच लोक विमा घेत आहेत. दुसरी स्थिती अधिक सावध बाजाराची आहे, आणि मला ती पहिलीपेक्षा कमी काळजीची वाटते.

इंदूरच्या वाचकाला भाव आणि अस्थिरता एकत्र चढण्याची सवय खरे तर शेअरपेक्षा जुन्या बाजारातून असायला हवी. सोयाबीनमध्ये तुटवडा पडतो तेव्हा भाव आणि भावातली उलथापालथ दोन्ही वाढतात, कारण तिथे धास्ती माल न मिळण्याची असते, भाव पडण्याची नसते. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन क्विंटलला १० हजारांच्या वर गेले होते, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे स्थगित केले. छावणीच्या मंडीतल्या व्यापाऱ्याला ‘भाव चढला की अस्थिरता घटते’ असे सांगितले तर तो ते मान्य करणार नाही, आणि त्याच्या बाजारापुरते त्याचे म्हणणे बरोबर असेल. तेव्हा उलटा संबंध हा शेअर निर्देशांकांचा स्वभाव आहे, सर्व बाजारांचा नाही, आणि एका बाजाराचा नियम दुसऱ्याला लावण्यापूर्वी तिथे कोणाला कशाची धास्ती आहे हे विचारले पाहिजे.

निफ्टी खाली, व्हीआयएक्स मात्र स्वस्थ

हा प्रकार मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण लांब पल्ल्याच्या गुंतवणूकदाराचे मन याच प्रकारात सर्वाधिक गोंधळते. २७ सप्टेंबर २०२४ रोजी निफ्टीने २६,२७७ चा उच्चांक गाठला आणि ४ मार्च २०२५ रोजी तो २१,९६४ पर्यंत खाली आला. ही घसरण १६ टक्क्यांच्या वर आहे. या काळात इंडिया व्हीआयएक्स बहुतेक दिवस १३ ते १७ च्या पट्ट्यातच फिरत राहिला. ‘व्हीआयएक्स कमी आहे, म्हणजे काळजीचे कारण नाही’ असे या पाच महिन्यांत ज्यांनी मानले, त्यांनी चुकीच्या साधनाला चुकीचा प्रश्न विचारला होता.

घसरणीचा वेग आणि घसरणीची खोली या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि व्हीआयएक्सला फक्त वेग दिसतो. समजा निफ्टी सलग २१ सत्रे रोज ०.४ टक्के पडला. महिनाअखेर तो आठ टक्क्यांनी खाली असेल. वर दिलेल्या पद्धतीने प्रत्यक्ष अस्थिरता काढली तर ती अवघी ६.४ येते, आणि सरासरीपासूनचे विचलन मोजणाऱ्या नेहमीच्या सूत्राने काढली तर चक्क शून्य, कारण प्रत्येक दिवस सरासरीइतकाच आहे. गुंतवणूकदाराचे आठ टक्के गेले आणि अस्थिरतेच्या मापाला काही घडल्याचे दिसलेच नाही. म्हणूनच नोंदवहीत नेहमीचे सूत्र न वापरता वर्गांच्या सरासरीचे सूत्र घेण्याचा आग्रह आहे. तेही अपुरे आहे, पण निदान आंधळे नाही.

हळू घसरणीत पुटची मागणी न वाढण्याचे आणखी एक कारण असते. ज्यांना विमा हवा होता त्यांनी तो वरच्या पातळीवरच घेतलेला असतो, आणि ज्यांना नको आहे ते शेअर विकून मोकळे होतात. विकून मोकळा झालेला माणूस पुट घेत नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये हेच दिसले. एस अँड पी ५०० जानेवारी ते ऑक्टोबर या काळात सुमारे २५ टक्के घसरला, पण व्हीआयएक्सचा त्या वर्षीचा सर्वोच्च बंद भाव ७ मार्चचा, ३६.४५ इतकाच होता. मार्च २०२० मध्ये तोच निर्देशांक ८२.६९ वर बंद झाला होता.

अशा काळात दोन गोष्टी कराव्यात. एक, व्हीआयएक्सशेजारी शिखरापासून झालेल्या घसरणीचा सातवा रकाना उघडावा आणि निर्णय त्याच्याकडे पाहून घ्यावेत. दोन, व्हीआयएक्स आणि प्रत्यक्ष अस्थिरता यांची तुलना करावी. व्हीआयएक्स साधारणपणे प्रत्यक्ष अस्थिरतेच्या काहीसा वर राहतो, कारण विमा विकणारा आपला मोबदला त्यात धरतो. हा फरक घसरत्या बाजारात नाहीसा झाला, किंवा व्हीआयएक्स प्रत्यक्ष अस्थिरतेच्या खाली गेला, तर विमा स्वस्तात मिळतो आहे असे समजावे. स्वस्त विमा हा शांततेचा पुरावा नसतो. ७ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकी आयातशुल्काच्या धक्क्याने निफ्टी ३.२४ टक्के पडला तेव्हा व्हीआयएक्स १३.७६ वरून २२.७९ वर गेला. एका दिवसात ६५ टक्के वाढ. आदल्या सत्रातला स्वस्थ आकडा या धक्क्याबद्दल काही सांगत नव्हता आणि त्याने सांगावे अशी अपेक्षाही चुकीची होती.

निर्देशांक शांत, शेअर अशांत

म्युच्युअल फंडाच्या एखाद्या योजनेत भरपूर उलथापालथ दिसते आणि व्हीआयएक्स मात्र ११-१२ वर असतो, अशी तक्रार वाचकांकडून येते. याचे उत्तर शेअरांच्या परस्परसंबंधात आहे. निर्देशांकाची अस्थिरता दोन गोष्टींनी ठरते: प्रत्येक शेअर किती हलतो, आणि सगळे शेअर किती एकत्र हलतात. सर्व शेअरांचे वजन सारखे आणि प्रत्येकाची अस्थिरता ३० टक्के धरली, तर त्यांच्यातला सरासरी सहसंबंध ०.१६ असताना निर्देशांकाची अस्थिरता १२ च्या थोडी वर येते, सहसंबंध ०.३६ झाला की ती सुमारे १८, आणि ०.६४ झाला की सुमारे २४. एकाही शेअरच्या स्वभावात बदल न होता निर्देशांकाची अस्थिरता दुप्पट झाली, ती केवळ सगळे एका दिशेने चालू लागल्यामुळे.

आयटी पडतो आणि बँका चढतात, औषध कंपन्या चढतात आणि वाहने पडतात, अशा आलटून-पालटून चालणाऱ्या बाजारात व्हीआयएक्स फार खाली जातो. मोठ्या धक्क्याच्या दिवशी सगळे एकत्र विकले जातात, सहसंबंध एकदम वाढतो, आणि व्हीआयएक्सची उडी शेअरांच्या स्वतःच्या अस्थिरतेतल्या वाढीपेक्षा मोठी दिसते. तपासणीसाठी निफ्टीच्या ५० शेअरांपैकी त्या दिवशी किती चढले आणि किती पडले याची नोंद पुरते. रोज पंचवीस-तीस एका बाजूला आणि उरलेले दुसऱ्या बाजूला असे चालले असेल तर कमी व्हीआयएक्सचे श्रेय परस्परांना छेद देणाऱ्या हालचालींना द्यावे. कंपन्यांवरचा धोका कमी झाला असे त्यावरून म्हणता येत नाही.

निफ्टी स्थिर आणि व्हीआयएक्सची उडी

येथे प्रथम मोजमापावर संशय घ्यावा. व्हीआयएक्स पूर्ण झालेल्या सौद्यांतून येत नाही, खरेदी-विक्रीच्या मांडलेल्या भावांतून येतो. हे भाव विरळ झाले, दोन्हींमधले अंतर वाढले, की गणित बरोबर असूनही आकडा फुगतो. ५ ऑगस्ट २०२४ रोजी अमेरिकेचा बाजार उघडण्यापूर्वी व्हीआयएक्स ६५ च्या वर दिसत होता. त्या वेळी दूरच्या स्ट्राइकच्या ऑप्शनला भाव देणारे थोडे होते आणि अंतर फार रुंद होते. त्या दिवशी तो ३८.५७ वर बंद झाला आणि एस अँड पी ५०० ची घसरण तीन टक्के होती. उघडण्यापूर्वीच्या त्या आकड्यावर ज्यांनी निर्णय घेतले, त्यांनी कोणीही प्रत्यक्षात व्यवहार करत नव्हते अशा भावांवर ते घेतले. आपल्याकडे २३ एप्रिल २०२४ रोजी इंडिया व्हीआयएक्स सुमारे २० टक्के घसरून १० च्या जवळ आला, तेव्हा निफ्टी जवळजवळ जागच्या जागी होता. असा दिवस दिसला की एका दिवसावर काहीही लिहू नये. पुढची तीन-चार सत्रे पाहून मगच शेरा भरावा.

कालगणनेचाही परिणाम होतो. व्हीआयएक्स ३० दिवस मोजताना शनिवार-रविवार धरतो, पण बाजार त्या दिवशी हलत नाही. त्यामुळे शुक्रवारी तो किंचित खाली आणि सोमवारी किंचित वर दिसण्याकडे कल असतो. दिवाळीसारख्या सलग सुट्ट्यांच्या आधी हा परिणाम वाढतो. सोमवारची तुलना मागच्या सोमवारशी केली की तो बराचसा निघून जातो.

तिसरे कारण व्हीआयएक्सवरच्या सौद्यांचे आहे. अमेरिकेत २००४ पासून व्हीआयएक्सचे वायदे चालतात आणि त्यांच्यावर आधारलेली गुंतवणूक साधने आहेत. ५ फेब्रुवारी २०१८ रोजी एस अँड पी ५०० केवळ ४.१ टक्के पडला, पण व्हीआयएक्स १७.३१ वरून ३७.३२ वर गेला, कारण अस्थिरता घटण्यावर पैसे लावणाऱ्या साधनांना आपला हिशेब जुळवण्यासाठी बाजार बंद होता होता त्याचे वायदे मोठ्या प्रमाणात विकत घ्यावे लागले, आणि त्या खरेदीने भाव आणखी चढला. त्यांतले एक प्रसिद्ध साधन त्यानंतर गुंडाळावे लागले. भारतात इंडिया व्हीआयएक्सचे वायदे फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाले, परंतु त्यांत उलाढाल जमली नाही. म्हणून अमेरिकेतल्या अशा उडीचे स्पष्टीकरण जसेच्या तसे इंडिया व्हीआयएक्सला लावू नये.

नोंदीचा उपयोग कोठपर्यंत करावा

दरमहा ठरावीक रक्कम फंडात भरणाऱ्या वाचकाने या नोंदवहीवरून भरणा थांबवू किंवा वाढवू नये. वर पाहिल्याप्रमाणे व्हीआयएक्स तीस दिवसांपुरते बोलतो, आणि त्याची गुंतवणूक दहा-पंधरा वर्षांची असते. त्याच्यासाठी या वहीचा उपयोग इतकाच की भीतीदायक बातमी आली तर तिच्यातला आकडा कोणत्या प्रकारातला आहे हे त्याला पाच मिनिटांत ठरवता येईल, आणि घरातल्या थोरामोठ्यांना ते समजावून सांगता येईल.

ऑप्शनचे सौदे करणाऱ्यांच्या बाबतीत मी अधिक स्पष्ट बोलतो. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर होता. निफ्टी आणि व्हीआयएक्स यांचा संबंध मोडलेला दिसला म्हणून ‘तो पुन्हा जुळेल’ यावर पैसे लावणे हा त्या आकड्यात भर घालण्याचा सोपा मार्ग आहे, कारण संबंध का मोडला याचे उत्तर बहुतेक वेळा आधीच भावात धरलेले असते. निदान एक वर्षभर फक्त नोंद करावी. प्रत्येक ठरलेल्या घटनेच्या आधी भावात धरलेल्या उडीचा आकडा लिहावा, घटनेनंतर प्रत्यक्ष उडी लिहावी, आणि दोन्हींची तफावत शेजारी मांडावी.

शेऱ्याचा रकाना भरताना एक क्रम ठेवावा: आधी तारीख आणि ठरलेली घटना, मग त्याच स्ट्राइकची अस्थिरता, मग चढलेल्या-पडलेल्या शेअरांची संख्या, मग प्रत्यक्ष अस्थिरतेशी तुलना, आणि शेवटी भावांतले अंतर. या पाचांपैकी एकानेही उत्तर मिळाले नाही तर त्या दिवसापुढे प्रश्नचिन्ह ठेवून द्यावे आणि महिन्याची एक्सपायरी झाल्यावर ते पान पुन्हा उघडावे.